टेबल दोन पानांवर, टीप भलतीकडेच: तळटिपांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंध, अहवाल आणि पुस्तकांची हस्तलिखितं वर्डमध्ये छपाईसाठी तयार करून देणं हे माझं रोजचं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते एका पानावर न मावणारं टेबल आणि त्यातल्या तळटिपा. खालचे प्रश्न संशोधक विद्यार्थी, प्राध्यापक आणि डीटीपी करणारी मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची जिल्हावार लोकसंख्या. तेव्हा जिल्हे ३५ होते. जनगणनेच्या क्रमाने नंदुरबार पहिला, सांगली शेवटचा. ए-फोर पानावर मंगल फॉन्टात हे टेबल दुसऱ्या पानावर जातंच, आणि टिपांशिवाय ते छापलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. ठाण्यासमोरच्या १,१०,६०,१४८ या आकड्यात आजचा पालघर धरलेला आहे, कारण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर. शेजारी १९९१ चा रकाना असेल तर नंदुरबार, वाशीम (दोन्ही १९९८), गोंदिया आणि हिंगोली (दोन्ही १९९९) हे जिल्हे तेव्हा नव्हतेच, हेही सांगावं लागतं. म्हणजे आठ टिपा झाल्या, त्याही दोन पानांत विखुरलेल्या.

टेबलात घातलेली तळटीप टेबलाखाली न येता पानाच्या तळाशी का जाते?

वर्डच्या लेखी तळटीप पानाची असते, टेबलाची नसते. रेफरन्सेसमधून ‘इन्सर्ट फूटनोट’ दाबा किंवा ऑल्ट+कंट्रोल+एफ, खूण ज्या पानावर पडेल त्या पानाच्या तळाशी टीप जाते. टेबल पानाच्या मध्यावर संपलं आणि खाली दोन परिच्छेद मजकूर आला, तर टीप त्या परिच्छेदांच्याही खाली. टेबल दोन पानांवर गेलं की टिपाही दोन पानांत वाटल्या जातात: नंदुरबारची इकडे, धाराशिवची तिकडे.

फूटनोटच्या खिडकीत ‘बॉटम ऑफ पेज’ऐवजी ‘बिलो टेक्स्ट’ निवडल्यावर काम होईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. त्याने टिपा पानावरच्या शेवटच्या ओळीला चिकटतात, एवढंच. टेबलानंतर मजकूर असेल तर टिपा त्या मजकुराखालीच राहतात.

खूण या पानावर आणि टीप पुढच्या पानावर. चूक माझी की वर्डची?

कुणाचीच नाही. हा गुंता पान भरण्याच्या पद्धतीतच आहे, आणि तो एकदा समजला की निम्मी चिडचिड कमी होते.

वर्ड पान वरून खाली भरत येतो. समजा ठाण्याची रो (टेबलाची आडवी ओळ) या पानावर शेवटची बसली. बसताक्षणी तिची तीन ओळींची टीप तळाशी जागा मागते. जागा द्यायची तर ठाण्याची रोच पुढच्या पानावर ढकलावी लागते. रो गेली की तिच्यासोबत टीपही गेली, आणि या पानावर पुन्हा एका रोची जागा मोकळी झाली. त्या जागेत ठाणं मावतं. मावलं की टीप परत जागा मागते. हे चक्र कुठेतरी तोडावंच लागतं. साध्या परिच्छेदात वर्ड एखादी ओळ इकडेतिकडे करून ते तोडतो. टेबलात मात्र रो अखंड ठेवलेली असेल तर ती पूर्णच हलवावी लागते, आणि शेजारच्या सेलमध्ये चार ओळींचा शेरा असेल तर हलवायचा ठोकळा आणखी मोठा होतो. मग टीप फोडून अर्धी पुढच्या पानावर नेली जाते, किंवा कधी सगळीच पुढे जाते.

मी आधी टीप लहान करते. ‘२०११ च्या जनगणनेच्या वेळी पालघर हा स्वतंत्र जिल्हा नसल्यामुळे त्याची लोकसंख्या ठाणे जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आलेली आहे’ याऐवजी ‘पालघरसह’ एवढं लिहिलं तरी अर्थ पूर्ण पोचतो, आणि तीन ओळींची टीप एका शब्दावर येते. एवढ्यानेच पुष्कळदा काम भागतं.

ते जमलं नाही तर ठाण्याच्या आधीच्या रोला ‘कीप विथ नेक्स्ट’ (म्हणजे ‘पुढच्या ओळीसोबतच राहा’) लावते. दोन्ही रो जोडीने पुढच्या पानावर जातात, टीपही त्यांच्यामागे जाते आणि चक्र सुटतं. कंट्रोल+एंटर मारून टेबल तोडू नका. तिथे टेबलाचे दोन तुकडे होतात, दुसऱ्या तुकड्यावर शीर्षकाची रो उमटत नाही, आणि महिनाभराने वर कुठे एक परिच्छेद वाढला की तो तोडलेला भाग पानाच्या मध्यात येऊन बसतो.

फाइल जुनी असेल आणि वरच्या पट्टीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ दिसत असेल, तर मूळ फाइलची प्रत ठेवा आणि फाइल > इन्फो > कन्व्हर्ट करा. जुन्या फाइलींत वर्ड ९७ पर्यंतच्या पद्धतीने तळटिपा मांडण्याचा पर्याय चालू राहिलेला असू शकतो. मग नव्या वर्डमधले सगळे उपाय करूनही टीप जागची हलत नाही.

पानाच्या खाली निम्मी जागा कोरी राहते. टेबल तर पुढे चालू आहे!

दोन कारणं असतात. पहिलं, टेबल प्रॉपर्टीजमधल्या ‘रो’ टॅबवर ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ ही खूण काढलेली असते आणि एखादी रो उंच असते. रो आणि तिची टीप दोन्ही मिळून मावत नाहीत, म्हणून दोन्ही पुढे जातात. खूण परत लावा, निदान त्या रोपुरती.

दुसरं, कुणीतरी ‘टेबल तुटू नये’ म्हणून सगळं टेबल निवडून ‘कीप विथ नेक्स्ट’ लावलेलं असतं. पस्तीस रो एकमेकींना धरून बसतात, आणि एका पानावर न मावणारी वस्तू वर्डला अखंड ठेवता येत नाही. सगळ्या रोंवरून ते काढा आणि जिथे खरंच हवं तिथे, एकदोन ठिकाणीच लावा.

शीर्षकाच्या रोमध्ये टीप घातली. दुसऱ्या पानावर शीर्षक येतं, आकडाही येतो, टीप मात्र येत नाही.

येणारच नाही. दुसऱ्या पानावर दिसणारं शीर्षक ही पहिल्या रोची नुसती प्रतिमा असते. मजकूर एकच, खूण एकच, म्हणून टीपही एकदाच छापली जाते, पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावरचा वाचक ‘लोकसंख्या’ या शब्दावरची खूण पाहून तळाशी नजर टाकतो आणि तिथे काहीच नसतं. माझ्या मते टेबलातली ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवते.

सगळ्या रकान्यालाच लागू होणारी गोष्ट टिपेत घालू नका, शीर्षकातच लिहा: ‘लोकसंख्या (जनगणना २०११)’. ती लांब असेल तर शीर्षकाखाली आणखी एक रो घ्या, तिच्यातले सेल ‘मर्ज’ करा, बारीक अक्षरात टीप लिहा आणि दोन्ही रो निवडून ‘रिपीट अ‍ॅज हेडर रो’ लावा. मग टीप शीर्षकाबरोबर प्रत्येक पानावर छापली जाते. दोन अटी आहेत. पुन्हा उमटणाऱ्या रो टेबलाच्या अगदी पहिल्या रोपासून सलग हव्यात. आणि टेबलाचं ‘टेक्स्ट रॅपिंग’ ‘नन’वर हवं.

मग टेबलाच्या टिपा टेबलातच ठेवल्या तर?

तसंच करा. हाच माझा सल्ला आहे, आणि प्रश्न ऐकून घ्यायच्या आधीच तो द्यावासा वाटतो. पानाची तळटीप वाहत्या मजकुरासाठी असते. टेबल उचलून दुसऱ्या प्रकरणात नेलं, भाषणाच्या स्लाइडवर लावलं किंवा वर्तमानपत्राला पाठवलं, तरी टीप त्याच्यासोबत गेली पाहिजे. ठाण्याचा आकडा ‘पालघरसह’ या शब्दाविना एकटा फिरायला लागला की तो अर्धवट खरा होतो. शिकागो आणि एपीए या दोन्ही लेखनपद्धतींत टेबलाच्या टिपा टेबलाखालीच येतात आणि मजकुरातल्या तळटिपांच्या अनुक्रमांकात मोजल्या जात नाहीत.

टेबलाला शेवटची एक रो वाढवा, सगळे सेल मर्ज करा, बाजूच्या आणि खालच्या रेषा काढा, अक्षर एक-दोन पॉइंट लहान घ्या. आधी ‘स्रोत’, मग सगळ्या टेबलाला लागू असलेली टीप, मग एकेका खुणेची टीप, हा शिकागोचा क्रम मला सोयीचा वाटतो. खुणा डावीकडून उजवीकडे, एकेक रो संपवत खाली, अशा क्रमाने द्या. सांगलीच्या रोला म्हणजे टेबलाच्या शेवटच्या खऱ्या रोला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा, नाहीतर टिपांची रो एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते.

टेबल दोन पानांचं असेल तर टिपा शेवटी असलेल्या चालतात. वाचक पान उलटतो. पाच-सहा पानांच्या टेबलाला मात्र हे लागू नाही. तिथे टेबलाचे भाग करा, प्रत्येक भागावर ‘तक्ता ३ (पुढे चालू)’ असं शीर्षक द्या आणि त्या त्या भागाच्या टिपा त्याच्याच खाली ठेवा. काम वाढतं, हे मान्य. पण सहाव्या पानावर जाऊन दुसऱ्या पानावरच्या खुणेचा अर्थ शोधायला कुणी जात नाही.

खुणांसाठी आकडे वापरू की अक्षरं?

आकड्यांच्या टेबलात आकडी खूण नको. यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. एका संस्थेच्या अहवालात मी ठाण्याच्या लोकसंख्येला सहावी टीप आकड्यावरच लावली होती. कागदावर १,१०,६०,१४८ आणि वर छोटासा ६, दिसायला सुरेख. तेच टेबल पुढे ईमेलमध्ये साध्या मजकुराच्या रूपात चिकटवलं गेलं. सुपरस्क्रिप्ट म्हणजे निव्वळ सजावट, ती गळून पडली, आणि ६ हा लोकसंख्येचा शेवटचा अंक झाला. एक कोटी दहा लाखांचे अकरा कोटी सहा लाख झाले. सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ११,२३,७४,३३३ होती. ज्यांनी तो आकडा पुढे वापरला त्यांना मी स्वतः फोन करून दुरुस्ती कळवली, पण तोवर तो दोन ठिकाणी छापून झाला होता.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. खूण आकड्याला न लावता जिल्ह्याच्या नावाला लावते, आणि खुणेसाठी अ, आ, इ अशी अक्षरं किंवा तारा (*), कट्यार (†) ही चिन्हं घेते. सजावट गळाली तरी ‘ठाणे अ’ वाचून कुणाची फसगत होत नाही.

एकच टीप चार जिल्ह्यांना लागू आहे. चारदा लिहायची?

टेबलाखालच्या टिपेत नाही. तेच अक्षर चारही ठिकाणी लावा. ‘१९९१ नंतर निर्माण झालेला जिल्हा’ ही एकच टीप नंदुरबार, वाशीम, गोंदिया आणि हिंगोली या चौघांना पुरते.

वर्डची आपोआप तळटीप वापरत असाल तर पहिल्या ठिकाणी टीप घाला आणि बाकीच्या तीन ठिकाणी ‘क्रॉस-रेफरन्स’मधून ‘फूटनोट नंबर (फॉरमॅटेड)’ घ्या. टिपांचे क्रमांक बदलले की हे आकडे आपोआप बदलत नाहीत. छापण्याआधी कंट्रोल+ए आणि एफ-९ दाबावं लागतं. आणि चौथी खूण दुसऱ्या पानावर गेली तर तिची टीप पहिल्याच पानावर राहते, त्यावर इलाज नाही.

अंत्यटिपांची युक्ती काय आहे म्हणतात?

अंत्यटीप म्हणजे पानाच्या तळाऐवजी ग्रंथाच्या किंवा विभागाच्या शेवटी येणारी टीप. ज्यांना क्रमांक आपोआपच हवे आहेत त्यांच्यासाठी ही युक्ती चांगली आहे. टेबलाच्या आधी आणि नंतर ‘कंटिन्युअस’ सेक्शन ब्रेक (पान न बदलता विभाग वेगळा करणारी खूण) द्या. टेबलात तळटिपेऐवजी अंत्यटीप घाला (ऑल्ट+कंट्रोल+डी), जागा ‘एंड ऑफ सेक्शन’ निवडा, क्रमांक प्रत्येक सेक्शनला नव्याने सुरू करा आणि रूप अक्षरांचं ठेवा. सेक्शन टेबलापाशी संपतो, म्हणून टिपा टेबलाच्या लगेच खाली येतात. मजकुरातल्या तळटिपा आपल्या आकड्यांनी स्वतंत्र चालू राहतात. ग्रंथात इतरत्र अंत्यटिपा असतील तर मात्र या वाटेला जाऊ नका, दोन्ही एकमेकांत मिसळतात.

देवनागरीमुळे काही वेगळं होतं का?

होतं, आणि इंग्रजीतल्या सल्ल्यांत ते कुठेच सापडत नाही.

मंगल फॉन्टात ओळीची उंची मुळातच जास्त असते. त्याच मापाच्या कोकिळा किंवा अपराजितामध्ये तितक्या जागेत जास्त ओळी बसतात. म्हणून ‘टीप मावत नाही’ अशी तक्रार असेल तेव्हा मी आधी ‘फूटनोट टेक्स्ट’ या स्टाइलचा फॉन्ट पाहते. मजकूर मंगलमध्येच ठेवून नुसत्या टिपांचा फॉन्ट बदलला तरी बरीच जागा मोकळी होते.

खुणेमुळे ओळ फुगते म्हणून ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. रोमन लिपीत तो बरा चालतो. देवनागरीत अंतर कमी पडलं की वेलांटीचा माथा, रफार आणि अनुस्वार छाटले जातात, खाली उकार कापला जातो. ‘हिंगोली’वरचा अनुस्वार गेला तर ‘हिगोली’ उरतं, आणि प्रूफ वाचणारा ती टंकनाची चूक समजून शोधत बसतो. ११ पॉइंटांच्या मंगलला मी २० पॉइंटांच्या खाली जात नाही.

देवनागरी आकड्यांच्या तळटिपा हव्या असतील तर ऑफिसमध्ये हिंदी किंवा मराठी ही संपादनाची भाषा जोडलेली हवी. मग फूटनोटच्या खिडकीतल्या ‘नंबर फॉरमॅट’मध्ये १, २, ३ मिळतात. टेबलात हाताने खूण करताना देवनागरी अंक लिहून सुपरस्क्रिप्ट करा. युनिकोडमध्ये इंग्रजी आकड्यांचे वर बसवलेले तयार अंक आहेत, देवनागरीचे तसे नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडमध्ये आहेत खरे, पण ते सामवेदाच्या स्वरखुणांसाठी आहेत, तळटिपेला उपयोगाचे नाहीत.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेली हस्तलिखितं अजून येतात. त्यांत तारा किंवा कट्यार लावली की तिच्या जागी एखादं अर्धं अक्षर उमटू शकतं, कारण त्या फॉन्टात त्या जागेवर अक्षराचा तुकडा बसवलेला असतो. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, टिपांकडे नंतर वळा.

लिब्रेऑफिसमध्ये हेच प्रश्न येतात का?

लिब्रेऑफिस हा वर्डसारखाच मोफत प्रोग्रॅम. मूळ गुंता तोच आहे, पण ताबा थोडा जास्त मिळतो. पेज स्टाइलमध्ये ‘फूटनोट’ नावाचा टॅब असतो आणि तिथे टिपांनी पानाची जास्तीत जास्त किती उंची घ्यावी ते ठरवता येतं. टीप फुटलीच तर फुटलेल्या जागी ‘पुढे चालू’ आणि पुढच्या पानाच्या टिपेआधी ‘मागील पानावरून’ असे शब्द घालायची सोय फूटनोटच्या सेटिंगमध्ये आहे. वर्डमध्येही हे जमतं, पण ड्राफ्ट व्ह्यूमध्ये जाऊन ‘शो नोट्स’ आणि त्याच्या यादीतली ‘कंटिन्युएशन नोटिस’ शोधावी लागते.

वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करायची आणि पुन्हा वर्डमध्ये द्यायची, असं टेबलं असलेल्या प्रबंधाबाबत करू नका. शेवटचा हात ज्या प्रोग्रॅममध्ये फिरणार त्यातच सगळं करा.

लाटेक वापरणाऱ्यांनी काय करावं?

लाटेक म्हणजे आज्ञा लिहून मजकूर मांडण्याची प्रणाली. तिच्यात लांब टेबलासाठी ‘लाँगटेबल’ हे पॅकेज घ्या. त्याच्या आतल्या मजकुरात साधी तळटीप चालते. शीर्षकाच्या भागात मात्र नुसती खूण टाकून टिपेचा मजकूर वेगळा द्यावा लागतो. टिपा टेबलाखालीच हव्या असतील तर ‘थ्रीपार्टटेबल’ आहे, पण ते पान ओलांडत नाही. लाँगटेबलसोबत ‘थ्रीपार्टटेबलएक्स’ वापरा. रकान्यांची रुंदी पक्की होईपर्यंत फाइल दोन-तीनदा चालवावी लागते.

माझ्याकडे सगळं नीट होतं, छापखान्यात पाठवलं आणि टिपा हलल्या.

तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर वर्ड दुसरा घेतो, ओळींची उंची बदलते, पान तुटण्याची जागा सरकते आणि ठाण्याची रो पुन्हा पानाच्या काठावर येते. फाइल > ऑप्शन्स > सेव्हमधून फॉन्ट फाइलीत गुंफून ठेवा, आणि वर्डच्या फाइलीसोबत पीडीएफ नेहमी द्या. पुस्तक इनडिझाइन या पानं मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये जाणार असेल तर टेबलाखालच्या हाताने लिहिलेल्या टिपाच सुरक्षित. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत टेबलाच्या आत तळटीप घालताच येत नसे, आणि बऱ्याच ठिकाणी अजून त्याच आवृत्त्यांवर काम चालतं.

मार्गदर्शक म्हणतात, टेबलातही आपोआप येणाऱ्या तळटिपाच हव्यात.

त्यांना बहुतेक वेळा संदर्भ तळाशी हवे असतात, खुलासे नव्हे. विचारून घ्या. आकडे कुठून घेतले ते ‘स्रोत’ या ओळीत लिहिता येतं, आणि ‘पालघरसह’ हा खुलासा आहे, तो टेबलातच शोभतो. तरीही आग्रह असला तर अंत्यटिपांची वरची युक्ती दाखवा. क्रमांक आपोआप येतात म्हटल्यावर बहुतेक जण तयार होतात.

हे सगळं कधी करायचं?

मजकुरातली शेवटची दुरुस्ती संपल्यावर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानाकडे. शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात केली तर आधीच्या प्रकरणात एक परिच्छेद वाढताच त्यानंतरचं सगळं पुन्हा हलतं. प्रत्येक टेबलापाशी मी प्रिंट प्रिव्ह्यूत दोन्ही पानं शेजारी उघडते, एकेका खुणेवर बोट ठेवते आणि तिची टीप सापडेपर्यंत बोट उचलत नाही.